सूत्र लावण्याआधी तुकडा पाडा : एकसमान त्वरण ओळखण्यापासून उत्तर तपासण्यापर्यंत

गाडी सेकंदाला १० मीटर वेगाने येते आहे. ड्रायव्हरने ब्रेक दाबला, मंदन (वेग कमी होण्याचा दर) ५ मीटर प्रति सेकंद वर्ग. तर ब्रेक दाबल्यापासून ४ सेकंदांत गाडी किती अंतर जाईल?

नाशिकला गंगापूर रोडवर माझ्या घरी नववी-अकरावीची मुलं शिकायला येतात. दर वर्षी कुणीतरी या गणिताचं उत्तर शून्य काढतं आणि खाली ठसठशीत दोन रेघाही मारतं. सूत्र बरोबर असतं, आकडेमोडही बरोबर. १० × ४ झाले ४०, त्यातून ½ × ५ × १६ म्हणजे ४० वजा, उरलं शून्य. म्हणजे चार सेकंद ब्रेक दाबून गाडी होती तिथेच!

खरं तर गाडी दोनच सेकंदांत, १० मीटरवर थांबली होती. पुढचे दोन सेकंद ती नुसती उभी होती. सूत्राला हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून त्याने तिला त्याच त्वरणाने उलटी चालवत परत आणून ठेवली. बरोबर उत्तर १० मीटर.

मुलांच्या बहुतेक चुका अशाच असतात. बीजगणित येत असतं, पण हे सूत्र या गतीच्या नेमक्या कुठल्या तुकड्याला लागू आहे, हे आधी ठरवलेलं नसतं. म्हणून खालचे टप्पे क्रमानेच करा. सूत्रं सहाव्या टप्प्यात येतात, तोवर त्यांना हात लावू नका.

## टप्पा १ : स्पीड आणि पिकअप वेगळे करा

त्वरण म्हणजे आपण गाडीबद्दल बोलताना म्हणतो तो पिकअप. मुंबई नाक्यापाशी वरच्या उड्डाणपुलावर एखादी गाडी काटा ८० वर स्थिर ठेवून सरळ चालली असेल, तर तिचा वेग भरपूर आहे आणि त्वरण शून्य. खाली सिग्नल हिरवा झाला त्या क्षणी निघणाऱ्या स्कूटरचा वेग जवळपास शून्य आहे, पण त्वरण चांगलंच आहे.

‘एकसमान त्वरण’ म्हणजे समान वेळात वेगात समान बदल. इथे पहिली गल्लत होते : मुलं ‘समान वेळात समान अंतर’ असं धरून चालतात. ती एकसमान गती झाली, तिच्यात त्वरणच नाही.

तपासा : सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच पोचला, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? ‘शून्य’ म्हणालात तर हा टप्पा पुन्हा वाचा. शून्य झाला तो वेग. त्वरण तेव्हाही खालच्या दिशेने ९.८ आहे, नाहीतर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

## टप्पा २ : त्वरण खरंच एकसमान आहे का, ते पाहा

हा टप्पा सगळे गाळतात. गणितात ‘एकसमान त्वरणाने’ असं छापलेलं असतं, त्यामुळे स्वतः तपासायची सवयच लागत नाही.

सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे दोरा आणि नट. २० सेंटीमीटर दोऱ्याला लोखंडी नट बांधा, सिटी बसमध्ये खिडकीशेजारची जागा पकडा आणि दोरा चिमटीत धरा. बस निघाली की नट मागे जाईल, एक-दोन झोके घेईल आणि मग तिरपा स्थिरावेल. जितका वेळ तो त्याच तिरपेपणावर टिकला, तितका वेळ त्वरण एकसमान. गिअर बदलला की तो सरळ व्हायला लागतो : तुकडा संपला. २० सेंटीमीटर दोऱ्याचा नट उभ्या रेषेपासून २ सेंटीमीटर मागे सरकला असेल, तर त्वरण साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. कारण सोपं आहे : तोच दोरा नटाला वर धरूनही ठेवतो आणि पुढेही ओढतो, त्यामुळे आडवं सरकणं भागिले उभी लांबी हे गुणोत्तर त्वरण भागिले ९.८ एवढं येतं.

सावध : हे सपाट रस्त्यावरच करा. चढावर बस उभी असली तरी नट बसच्या जमिनीच्या मानाने तिरपा दिसतो आणि नसलेलं त्वरण मोजलं जातं. मोबाइलमधल्या त्वरण मोजणाऱ्या ॲपचंही तेच : फोन एका अंशाने कलला तरी ०.१७ ची चूक येते. शिवाय टेबलावर निवांत पडलेला फोन ९.८ दाखवतो. त्यात फोनचा दोष नाही, त्याचा सेन्सर टेबलाचा आधार मोजतो. ॲपमध्ये गुरुत्वाकर्षण वगळून मोजायचा पर्याय असेल तर तो निवडा.

दुसरी चाचणी स्पीडोमीटरची. मागे बसलेल्याने काट्याचा व्हिडिओ घ्यायचा, चालवणाऱ्याने नाही. माझ्या स्कूटरवर एका सकाळी मोकळ्या रस्त्यावर ० ते ८ सेकंदांत दर दोन सेकंदांनी असे आकडे आले : ०, १८, ३२, ४२, ४९ किलोमीटर प्रति तास. वाढ पाहा : १८, १४, १०, ७. पिकअप दर वेळी कमी होत गेला. हे एकसमान त्वरण नाही, इथे सूत्रं लावायची नाहीत.

मग अंतर काढायचं कसं? वेग-काल आलेख काढा आणि त्याखालचं क्षेत्रफळ मोजा. दर दोन सेकंदांची पट्टी करून माझ्या आकड्यांचं अंतर सुमारे ६५ मीटर येतं. त्याच प्रवासाला डोळे झाकून ‘सरासरी वेग म्हणजे ४९ च्या निम्मा’ असं धरलं तर ५४ मीटर येतात. आठ सेकंदांत दहा मीटरची थाप. आलेखातली रेघ सरळ असेल तर सूत्र आणि क्षेत्रफळ दोन्ही चालतात, रेघ वाकली की फक्त क्षेत्रफळ.

पावसाचंही असंच. इगतपुरीला एक किलोमीटर उंचीच्या ढगातून थेंब निघाला असं धरून सूत्र लावलं तर जमिनीवर येताना त्याचा वेग सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर निघतो. त्या पावसात छत्री कशाला, पत्राही टिकला नसता. हवेच्या विरोधामुळे थेंबाचं त्वरण लवकरच शून्यावर येतं आणि मोठा थेंबसुद्धा सेकंदाला साधारण ९ मीटरच्या वर जात नाही.

## टप्पा ३ : केसिंग पट्टीवर छर्रा सोडा

एकसमान त्वरण हाताने अनुभवायचं असेल तर याहून चांगला प्रयोग मला माहीत नाही. सामान असं :

१. वायरिंगला वापरतात ती रुंद, सपाट तळाची केसिंग पट्टी, सुमारे १८० सेंटीमीटर. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. वरची कॅप काढून ठेवा.
२. बेअरिंगचा मोठा छर्रा. सातपूर-अंबडकडे भंगारात मिळून जातो, नाहीतर काचेची गोल गोटी.
३. पट्टीपेक्षा लांब, सरळ लाकडी फळी.
४. मेजर टेप, मार्कर, मोबाइल.

फळी आधी. पट्टी नुसती दोन टोकांवर टेकवली तर मधे झोळ पडतो, सुरुवातीला उतार जास्त आणि शेवटी कमी होतो, आणि त्वरणाची एकसमानता तिथेच संपते. फळीवर पट्टी चिकटवा आणि सुतार बघतो तसं एक डोळा मिटून टोकाकडून पाहा. कुठेही पोट दिसता कामा नये. मग वरच्या टोकाखाली वह्या सरकवून ते ३.६ सेंटीमीटर उचला. हा ५० ला १ असा उतार झाला. डोळ्यांना जवळपास सपाट वाटतो, पण कसारा घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे आणि तेवढ्यासाठी मुंबईकडून नाशिककडे येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला जादा इंजिनं लावावी लागतात.

पट्टीवर दर १० सेंटीमीटरला खूण करा. फोन पट्टीपासून दोन-अडीच मीटर लांब, मधोमध आणि पट्टीला काटकोनात ठेवा. फोन जवळ असला की टोकांच्या खुणा तिरक्या दिसतात आणि वाचन चुकतं. छर्रा बोटाने अडवून ठेवा, व्हिडिओ सुरू करा आणि बोट पुढच्या दिशेने पटकन काढून घ्या. मागून ढकलू नका.

आता व्हिडिओ दर सेकंदाला थांबवून जागा वाचा. आमच्या पट्टीवर आलेले आकडे सेंटीमीटरमध्ये :

१ सेकंद – ६
२ सेकंद – २५
३ सेकंद – ५६
४ सेकंद – ९९
५ सेकंद – १५५

प्रत्येक सेकंदात कापलेलं अंतर : ६, १९, ३१, ४३, ५६. सहाने भागून पाहा, साधारण १, ३, ५, ७, ९ दिसायला लागतात. स्थिर अवस्थेतून निघालेल्या एकसमान त्वरणाची ही ओळखखूण : सलग समान वेळांतली अंतरं विषम संख्यांच्या प्रमाणात.

इथे मुलं हमखास अडकतात. एका गटाची अंतरं १२, २५, ३७, ५० अशी आली. ‘हे तर १, २, ३, ४ झालं, प्रयोग फसला’ म्हणून त्यांनी पान फाडलं. प्रयोग उत्तम झाला होता. छर्रा सुटल्यावर अर्ध्या सेकंदाने त्यांनी वेळ मोजायला सुरुवात केली होती, एवढंच. पहिल्या वाचनाच्या वेळी छर्रा आधीच चालू होता, त्यामुळे विषम संख्यांचा नमुना बिघडला. पण शेजारच्या दोन अंतरांतला फरक काढा : १३, १२, १३. आमच्या आकड्यांतही तेच : १३, १२, १२, १३. हा फरक सुरुवातीच्या वेगावर अवलंबून नसतो. वाचनं एकेक सेकंदाची असली की हाच फरक म्हणजे त्वरण : सरासरी १२.५ सेंटीमीटर, म्हणजे ०.१२५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

तपासा : फरक सतत कमी होत गेला (१३, ११, ९...) तर पट्टीत झोळ आहे किंवा छर्रा भिंतीला घासतो आहे. एखादाच फरक वेडावाकडा आला तर तेवढी फ्रेम पुन्हा वाचा.

आता दुसरा अडथळा. पुस्तकात उतारावरचं त्वरण ९.८ × उंची ÷ लांबी असं वाचलेलं असतं. त्याने ०.१९६ येतं आणि आपलं ०.१२५, म्हणून मुलं हिरमुसतात. ते सूत्र घर्षणाविना घसरणाऱ्या वस्तूचं आहे, आपला छर्रा गडगडतो. उताराने दिलेल्या ऊर्जेतला काही भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो आणि भरीव गोलाच्या वाट्याला त्वरणाचा ५/७ भागच येतो. ९.८ चे ५/७ म्हणजे नेमके ७, म्हणून आपल्यापुरतं सोपं सूत्र : ७ × उंची ÷ लांबी = ०.१४. उरलेला फरक प्लास्टिकवरच्या घर्षणाचा. पट्टी अरुंद असेल आणि छर्रा तळाला न टेकता दोन कडांवर चालत असेल तर त्वरण आणखी कमी भरेल.

## टप्पा ४ : पडणाऱ्या वस्तूला स्टॉपवॉच लावू नका

१.२५ मीटरवरून चेंडू सोडला तर तो अर्ध्या सेकंदात खाली येतो. आपलं बोट बटण दाबायला ०.१ ते ०.२ सेकंद इकडे-तिकडे करतं. मुलांनी ०.४० ही मोजलं आहे आणि ०.६२ ही. पहिल्याने गुरुत्व त्वरण (२ × उंची ÷ वेळेचा वर्ग) १५.६ येतं, दुसऱ्याने ६.५. वेळेचा वर्ग होत असल्याने वेळेतली शेकड्यातली चूक उत्तरात जवळपास दुप्पट होऊन बसते.

स्लो-मोशन वापरा. फोन सेकंदाला २४० फ्रेम घेत असेल तर या पडण्यात १२१ च्या आसपास फ्रेम मोजल्या जातील. १२१ ÷ २४० = ०.५०४ सेकंद, त्यावरून ९.८४. एक फ्रेम चुकली तर ०.१६ चा फरक पडतो, तेवढा चालतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आणि २० अक्षांशावर असल्याने इथलं मूल्य पाठ केलेल्या ९.८१ पेक्षा किंचित कमी आहे, पण ते पकडायचं काम फोनचं नाही. ९.८ धरा.

सावध : स्लो-मोशन फाइल बघताना खाली दिसणारा वेळ ताणलेला असतो. २४० ची फाइल ३० ने चालत असेल तर ८ पट. तो वेळ तसाच वहीत उतरवला की गुरुत्व त्वरण ०.१५ येतं, आणि ते घेऊनही एक जण ‘सर, चंद्रावर’ म्हणाला होता. (चंद्रावरही ते १.६ आहे.)

टेबल टेनिसचा चेंडू घेऊ नका, हवा त्याला लगेच अडवते. गच्चीवरून तर काहीच टाकू नका.

## टप्पा ५ : गतीचे तुकडे पाडा

आता रस्त्यावर या. कॉलेज रोडला पुढे कुणीतरी अचानक दार उघडतं. तुमचा वेग ताशी ३६, म्हणजे सेकंदाला १० मीटर. दार दिसल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर काढायचं तर आधी वेग-काल आलेख हाताने खरडा आणि रेघ जिथे मोडते तिथे उभी खूण करा.

पहिला तुकडा : डोळ्यांना दिसलं, हाताने ब्रेक अजून दाबलेला नाही. हा एक सेकंद धरू. यात त्वरण शून्य, अंतर १० मीटर.

दुसरा तुकडा : ब्रेक लागला. कोरड्या रस्त्यावर मंदन ५ धरू. १० चा वर्ग भागिले २ × ५ (हे कुठून आलं ते सहाव्या टप्प्यात), म्हणजे १० मीटर.

तिसरा तुकडा : उभी गाडी. अंतर शून्य. सुरुवातीच्या गणितात हाच तुकडा राहून गेला होता.

एकूण २० मीटर. हेच ताशी ७२ ने केलं तर पहिला तुकडा २० मीटर आणि दुसरा ४०, एकूण ६०. वेग दुप्पट झाला, प्रतिक्रियेचं अंतर दुप्पट आणि ब्रेकचं चौपट झालं. पावसाळ्यात मंदन निम्मं म्हणजे २.५ धरा : ताशी ३६ ला ३० मीटर, ७२ ला तब्बल १००.

सावध : दोन तुकड्यांना मिळून एकच त्वरण काढू नका. ‘३ सेकंदांत १० वरून ० वर आली, म्हणून त्वरण ३.३३’ असं केलं की अंतर १५ मीटर येतं आणि तुम्ही कागदावर पाच मीटर आधीच थांबता.

## टप्पा ६ : पाच खण भरा, मग सूत्र निवडा

प्रत्येक तुकड्यासाठी वेगळा तक्ता करा. खण पाच : सुरुवातीचा वेग, अंतिम वेग, त्वरण, वेळ, विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून दिशेसह मोजलेलं अंतर). मुलं यांना यू, व्ही, ए, टी, एस म्हणतात. म्हणोत, पण खणात शब्द लिहिलेला असला की चूक कमी होते.

भरण्याचा क्रम :

१. दिशा ठरवा. पुढची दिशा धन मानली तर ब्रेकचं त्वरण ऋण. चेंडू वर फेकताना वरची दिशा धन घेतली तर ९.८ ला वजा चिन्ह, चढताना आणि उतरतानाही. अर्ध्या वाटेत चिन्ह बदलायचं नाही.
२. एकक बदला. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागा. १८ चे ५, ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २० हे पाठ ठेवा. सुरुवातीचा वेग बदलायचा आणि अंतिम वेग तसाच ठेवायचा, ही चूक फार चालते.
३. न लिहिलेली माहिती भरा. ‘स्थिर अवस्थेतून’ म्हणजे सुरुवातीचा वेग ०. ‘थांबली’ म्हणजे अंतिम वेग ०.
४. जो खण दिलेलाही नाही आणि विचारलेलाही नाही, त्याच्यावर फुली मारा.

फुली पाहून सूत्र बहुतेक वेळा आपोआप ठरतं :

विस्थापनावर फुली : अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ

अंतिम वेगावर फुली : विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + ½ × त्वरण × वेळेचा वर्ग

वेळेवर फुली : अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन

त्वरणावर फुली : विस्थापन = दोन्ही वेगांची सरासरी × वेळ

शेवटचं सूत्र पुष्कळ जण वापरतच नाहीत, आणि उगाच आधी त्वरण काढून मग अंतर काढत बसतात.

## टप्पा ७ : उत्तराला प्रश्न विचारा

मंदनाचं गणित असेल तर आधी थांबायला लागणारा वेळ काढा : सुरुवातीचा वेग भागिले मंदन. विचारलेला वेळ त्याहून जास्त असेल तर थांबेपर्यंतचंच अंतर मोजा.

वेळ ऋण आला तर तो सोडा, पण चिन्ह चुकलंय का ते बघून. स्कूटरचं त्वरण १२ आलं तर एकक बदलायचं राहिलंय, कारण ते मुक्तपणे पडणाऱ्या दगडापेक्षाही जास्त झालं. बसचं ०.००५ आलं तर बहुधा सेकंदांनाच मिनिटं समजून ६० ने गुणलं गेलं.

## टप्पा ८ : नाशिक रोडच्या फलाटावर

सगळं जमलं की एकदा टेप आणि पट्टीशिवाय करून बघा. सुटायच्या बेतात असलेल्या गाडीच्या दोन डब्यांच्या जोडासमोर, पिवळ्या रेषेच्या मागे, रुळांपासून लांब उभे राहा. गाडी हलली की स्टॉपवॉच सुरू. मागचा पहिला डबा पूर्ण पुढे गेला की त्याची वेळ टिपा. त्वरण एकसमान असेल तर त्याच्या दुप्पट वेळात चार डबे पुढे गेलेले असतील आणि तिप्पट वेळात नऊ. इथे वेळा १५-२० सेकंदांच्या असल्याने बोटाची चूक पोटात जाते. एलएचबी (हल्लीच्या नव्या पद्धतीचा) डबा सुमारे २४ मीटरचा. पहिल्याला १६ सेकंद लागले तर त्वरण ४८ ÷ २५६, म्हणजे ०.१९ च्या आसपास.

चार डब्यांपर्यंत जमलं आणि नऊला बिघडलं तर मधेच इंजिनची ओढ बदलली. तुमचा तुकडा तिथे संपला, पुढच्या वेळा खोडा. चारलाच बिघडलं तर बहुधा जोड तुमच्या बरोबर समोर नव्हता. पुढची गाडी येऊ द्या.